कान देऊन: ‘वेग वाढवून आणा’

प्रश्न: ताई, आम्ही दोघं लहानपणापासूनचे मित्र. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि तिच्याच चालीवर आमचा पहिला ट्रॅक केला. वेग 104 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 104 ठोके. दोन डीजेंना ऐकवला. दोघंही म्हणाले, ‘आवाज भारी, पण हळू आहे. 126 करून आणा.’ त्यांनी वाजवलं तरच लोकांपर्यंत पोचणार. वेग वाढवू का?
— दोन मित्र, इचलकरंजी

उत्तर: वाढवू नका. निदान अजून तरी नको. तुमचं पत्र वाचल्यावर मी उठले आणि कपाटातून एक बारा इंची तबकडी काढली. ‘साँग टू द सायरन’. आज ज्यांना जग केमिकल ब्रदर्स म्हणून ओळखतं, त्या टॉम रोलंड्स आणि एड सायमन्स यांचं हे पहिलं गाणं. त्यांनाही हेच ऐकून घ्यावं लागलं होतं.

हे दोघं 1989 साली मँचेस्टर विद्यापीठात भेटले. दोघंही इतिहासाचे विद्यार्थी. रोलंड्सला मँचेस्टरची ओढ होती त्यामागे तिथला हासियेंडा क्लबही होता. पुढे दोघं मिळून तबकड्या वाजवायला लागले. हिपहॉप, हाउस, टेक्नो, सगळं एकाच रात्री. अडचण अशी की त्यांना हव्या तशा, शब्दांवाचूनच्या दणदणीत हिपहॉप तबकड्या पुरेनाशा झाल्या. मग 1992 मध्ये त्यांनी स्वतःच एक केली. साहित्य काय, तर घरातली हिताची हाय-फाय, एक कॉम्प्युटर, आवाजाचे तुकडे उचलून वाजवणारा एक सॅम्पलर आणि एक कीबोर्ड. दुसऱ्या एका गाण्यातला बाईचा आवाज उचलला, त्याखाली ढोल घातले आणि स्वतःच्याच छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली, 500 प्रती काढल्या.

त्या घेऊन ते लंडनच्या डान्स तबकड्यांच्या दुकानांत गेले, तर दुकानदार घेईनात. गाणं 111 बीपीएमचं होतं. फार हळू, म्हणाले.

आता दुकानदारांची बाजूही ऐका, कारण तुमचे डीजे तीच सांगतायत. डीजे एका गाण्यातून दुसऱ्यात जातो तेव्हा दोन्हींचे ठोके जुळावे लागतात. त्या काळी क्लबात तबकडी फिरवायला असायचा तो टेक्निक्स कंपनीचा टर्नटेबल, त्याचा स्लायडर वेग फार तर 8 टक्के वर किंवा खाली नेतो. 111 वर 8 टक्के म्हणजे जेमतेम 120. क्लबात रात्र रंगात आली की गाणी त्याच्याही पुढे गेलेली असतात. म्हणजे शेवटपर्यंत ताणूनही ही तबकडी पुढच्या गाण्याला भिडणार नाही.

माझ्याकडे तोच टर्नटेबल आहे. काल रात्री मी स्लायडर पार शेवटपर्यंत नेऊन ऐकलं. ढोल धावायला लागतात आणि एक ठोका पडल्यावर दुसरा येईपर्यंत जो श्वास मिळतो, तो जातो. बाईचा तो ताणलेला आवाज किरटा होतो. मग स्लायडर शून्यावर आणला आणि सगळं पुन्हा जागेवर बसलं. वेग त्यांनी दुकानासाठी ठरवला नव्हता. ते स्वतः जे वाजवत होते, त्यात हे गाणं बसायला हवं होतं.

त्या 500 प्रतींपैकी एक अँड्र्यू वेदरॉल या डीजेकडे पोचली. त्याला ती आवडली, तो ती वाजवायला लागला आणि त्याच्याचमुळे 1993 मध्ये ज्युनियर बॉइज ओन या लेबलनं गाणं पुन्हा बाजारात आणलं. माझ्याकडची प्रत ती. वेदरॉल 2020 साली गेला, तेव्हा मी हीच लावली होती.

तर तुमचा हिशेब. 104 वरून 126 म्हणजे सुमारे 21 टक्के वाढ. साधा वेग वाढवलात तर पट्टीही चढेल: सा कोमल गंधाराच्याही किंचित वर जाईल आणि मागाची खटखट शिलाई मशीनसारखी लागेल. पट्टी तीच ठेवून ताणलंत तर खटक्याची धारच पुसट होईल. आणि तुमच्या ट्रॅकमध्ये तो खटकाच तर सगळं काही आहे! मागाच्या चालीवर गाणं बांधायचं आणि मग माग सोडून पळायचं, हे मला पटत नाही.

डीजेंना 104 तसाच द्या, पण सुरुवातीचे 16 बार (चार-चार ठोक्यांचे गट) नुसते ठोक्याचे ठेवा. मिसळायला सोपं जातं. आजच्या कंट्रोलरवर, म्हणजे डीजेच्या डिजिटल यंत्रावर, वेगाची मर्यादा 8 टक्क्यांच्या बरीच पुढे नेता येते, त्यामुळे ज्याला जुळवायचं आहे तो जुळवेल. आणि या वेगाच्या आसपास वाजवणारे डीजे शोधा. आहेत. 126 ची आवृत्ती करायचीच झाली तर मूळ गाण्याला हात न लावता वेगळी करा, मागाच्या जागी दुसरं काही घालून.

फाइल मला पाठवा. मोबाइलची रेकॉर्डिंग असेल तर खालच्या घरघरीचं काय करायचं ते ऐकूनच सांगेन.

प्रश्न: जुन्या बाजारात ‘साँग टू द सायरन’ची तबकडी मिळाली. तिच्यावर केमिकल ब्रदर्स नाही, ‘द डस्ट ब्रदर्स’ छापलंय. फसवणूक तर नाही?
— एक संग्राहक, दादर

उत्तर: नाही, जपून ठेवा. डस्ट ब्रदर्स ही अमेरिकेतली निर्मात्यांची जोडी. बीस्टी बॉइज या रॅप गटाचा 1989 चा अल्बम ‘पॉल्स बुटीक’ त्यांच्या हातचा. रोलंड्स आणि सायमन्स यांनी त्यांच्यावरच्या प्रेमापोटी तेच नाव घेतलं. नाव होऊ लागल्यावर अर्थातच मूळ मालकांनी हरकत घेतली आणि 1995 मध्ये नाव बदलावं लागलं. रोलंड्स-सायमन्सच्याच ‘केमिकल बीट्स’ या गाण्यावरून नवं नाव आलं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बमला त्यांनी ‘एक्झिट प्लॅनेट डस्ट’ म्हटलं. तबकडीवरचं लेबल एकदा नीट बघा. ज्युनियर बॉइज ओनची प्रत असेल तर त्यावर डीजे वेदरॉलच्या सेबर्स ऑफ पॅराडाइज या गटानं केलेलं मिक्सही असेल. मूळ आणि ते, दोन्ही पाठोपाठ ऐका.