फोन रोज सहा तास स्क्रीन टाइम दाखवतो. किती तासांवर आणू?

तुम्ही लिहिलंय की सहा तासांत ऑफिसचं काम, घरच्यांशी व्हिडिओ कॉल, सिरीज आणि रील्स असं सगळंच येतं. मग 'किती तास' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी हे सहा तास फोडा.

एकूण तासांवरून फारसं काही कळत नाही. ऑर्बेन आणि प्शिबिल्स्की या संशोधकांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. म्हणून स्क्रीन निरुपद्रवी आहे असं मात्र कुणी समजू नये. बहिणीशी मारलेल्या गप्पा आणि अनोळखी लोकांचे फोटो सरकवत बसणं एकाच बेरजेत घातलं, की दोन्हींचे परिणाम त्यात विरघळून जातात.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा (आयफोनवर 'स्क्रीन टाइम'). आठवडाभराचे ॲपनिहाय आकडे वहीत उतरवा आणि प्रत्येक ॲपपुढे चारपैकी एक शब्द लिहा: काम, संवाद, ठरवून पाहिलेलं, नुसतं सरकवणं. यूट्यूबसारखं ॲप दोन रकान्यांत जाईल. शोधून लावलेलं व्याख्यान वेगळं, शॉर्ट्स वेगळे. मॅप चालू ठेवून केलेला प्रवासही बेरजेत येतो, तो वजा करा. फोन दिवसात किती वेळा अनलॉक केला तेही तिथेच दिसतं. मला तासांपेक्षा हा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण कामात किती वेळा खंड पडला ते त्यातून कळतं.

आता खरी मेख. आठवडाभर चौथ्या रकान्यातलं ॲप उघडताना आणि बंद करताना मनःस्थितीला 1 ते 5 गुण द्या. संध्याकाळी आठवून लिहू नका, तेव्हाचे गुण अंदाजाचेच असतात. उघडताना 3 आणि बंद करताना 2 असं वारंवार येत असेल, तर कात्री तिथेच लावायची. बंद करताना 4 येत असतील तर त्या ॲपला हात लावू नका, मग ते लोकांच्या लेखी कितीही फालतू असो.

सोशल मीडिया पूर्ण सोडायची गरज नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या 2018 च्या प्रयोगात 143 विद्यार्थी होते. त्यातल्या एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी 10 मिनिटांवर आणलं. तीन आठवड्यांनी त्यांचा एकटेपणा आणि उदासी नेहमीसारखं वापरणाऱ्या गटापेक्षा कमी झालेली दिसली.

डोळ्यांचं गणित निराळं आहे. तिथे काम आणि करमणूक सारखीच, कारण पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा.

हे सगळं बहुतेक वेळा फसतं ते टायमरपाशी. लोक सगळ्याच ॲपना मर्यादा लावतात, कामाचं ॲप मध्येच बंद पडतं आणि वैतागून सगळेच टायमर काढून टाकले जातात. एकाच ॲपला लावा. अँड्रॉइडवर त्याच ॲपचं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडलं तर ॲपचा टायमर ते मोजत नाही, म्हणून तिथून लॉगआउट करा. ऑटोप्ले बंद करा. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाकली की होम पानावरच्या शिफारशीही जातात. मग जे हवं ते शोधूनच लावावं लागतं.

शिवाय टायमर मध्यरात्री पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे बारा वाजता नवा कोटा हातात. तुमचं सरकवणं रात्रीचंच असेल तर टायमरच्या भरवशावर राहू नका. गजराचं साधं घड्याळ उशाशी ठेवा आणि चार्जर दुसऱ्या खोलीत लावा.