चार ओळींचा इंग्रजी मेल आणि आपली मराठी

सेलूकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलात, बी.ए. केलंत, आता जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत ऑफिसचं काम बघता. बाराही काळ पाठ आहेत, तरी विक्रेत्याला चार ओळींचा इंग्रजी मेल लिहायला अर्धा तास जातो. म्हणून क्लास लावू, की व्याकरणाचं जाड पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून करू, असं विचारलंत. माझ्या मते दोन्ही नको.

मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतोय. तुम्ही नमुन्याला दिलेला मेल वाचला तेव्हा ओळखीची वही उघडल्यासारखं झालं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक चुकीमागं एक बिनचूक मराठी वाक्य उभं आहे. ते वाक्य ओळखता आलं की चूक तुमची तुम्हालाच दिसायला लागते.

तुमचं वाक्य असं: ‘ॲज पर युवर टेलिफोनिक टॉक यू हॅड टोल्ड टू अस दॅट बॅग्ज आर नॉट रिसीव्ह्ड सो वी हॅव इन्क्वायर्ड यस्टरडे टू ट्रान्सपोर्ट अँड काइंडली डू द नीडफुल.’

‘हॅड टोल्ड’ कुठून आलं? ‘तुम्ही सांगितलं होतं’ यातून. मराठीत ‘होतं’ सढळ हातानं लावतो आपण, त्यानं बोलणं जरा मऊ होतं. इंग्रजीतला हॅड असा मोकळा फिरत नाही. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती घडली हे सांगायचं असेल तेव्हा त्याची गरज पडते. ट्रक पोचला तेव्हा दुकान बंद झालं होतं, इथं ‘हॅड क्लोज्ड’ बरोबर. फोनवर सांगितलं, एवढंच असेल तर ‘यू टोल्ड’ पुरे. ‘हॅव इन्क्वायर्ड यस्टरडे’चंही तसंच. ‘काल चौकशी केली आहे’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत काल, परवा, १० तारखेला अशी ठरलेली वेळ वाक्यात आली की हॅव काढायचा. ‘वी चेक्ड यस्टरडे’. वेळ सांगायची नसेल तर खुशाल ‘वी हॅव चेक्ड’ लिहा.

‘टोल्ड टू अस’मधला टू हा आपला ‘ला’. आम्हाला सांगितलं, सरांना विचारलं, त्याला फोन केला. टेल, आस्क, कॉल यांना पुढं माणूस आला की टू लागत नाही, ‘से’ला लागतो. ‘डिस्कस अबाउट’मधला अबाउट म्हणजे ‘विषयावर चर्चा’मधला ‘वर’. आणि ‘ऑलदो’ लिहून पुढं ‘बट’ लिहिणारे तर वर्गात निम्मे निघतात, कारण आपलं ‘जरी’ ‘तरी’शिवाय राहत नाही, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ हवं असतं. इंग्रजी दोघांपैकी एकावर भागवतं. एक ठेवा, एक खोडा.

काळांबद्दल मात्र तुमची बोली तुम्हाला पुण्यामुंबईच्या मुलांपेक्षा जास्त मदत करते, हे कुणी सांगितलं नसेल. पुस्तकी मराठीत ‘मी जेवतो’ हे रोजच्या जेवणालाही चालतं आणि आत्ता ताटावर बसलेल्यालाही. आपल्याकडं तसं नाही. परभणीकडं ‘काय करायलास?’ विचारतात, लातूरकडं ‘काय करलालास?’. उत्तर येतं ‘जेवायलो’. म्हणजे या घडीला चालू आहे. रोजचं असेल तर ‘जेवतो’. ‘आय ॲम ईटिंग’ आणि ‘आय ईट’ हा फरक तुमच्या तोंडात लहानपणापासून आहे. वाक्य आधी घरच्या बोलीत म्हणून बघा. ‘जायलो’, ‘लिहायलो’ सहज बसलं तर ‘ॲम गोइंग’, ‘ॲम रायटिंग’. ‘मला माहीत असायलं’ असं कुणीच म्हणत नाही, म्हणून ‘आय ॲम नोइंग’ही नको. ‘माझ्याकडं गाडी असायली’ म्हणत नाही, म्हणून ‘आय ॲम हॅव्हिंग अ बाइक’ नको. एका ठिकाणी ही युक्ती फसते. ‘पाच वर्षांपासून इथं काम करायलो’ हे बोलीत अगदी बरोबर, पण इंग्रजीत ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ चुकीचं. तिथं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असं लिहायचं. ‘सिन्स’नंतर सुरुवातीची वेळ येते, सिन्स २०२१, ‘फॉर’नंतर किती काळ ते.

‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीत म्हणून अवघड जातात, असं तुम्ही म्हणता. शब्द नाहीत हे खरं, पण ते काम मराठीत दुसरं कुणीतरी करतं. ‘दारात गाडी उभी आहे’ आणि ‘गाडी दारात उभी आहे’ ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा. पहिल्यात कोणती तरी गाडी, ऐकणाऱ्याला नवीन: ‘देअर इज अ कार ॲट द डोअर’. दुसऱ्यात आपल्याला माहीत असलेली गाडी: ‘द कार इज ॲट द डोअर’. मराठी जे शब्दांच्या जागेनं सांगते ते इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’नं सांगते. अडलं की विचारा, हा मेल वाचणाऱ्याला कोणती बॅग हे आधीच ठाऊक आहे का? आहे, तर ‘द बॅग’. यानं सगळे प्रश्न सुटणार नाहीत (नद्यांना ‘द’ का आणि गावांना का नाही, ते पाठच करावं लागतं), पण ऑफिसच्या मेलपुरतं बरंच निभतं.

‘अ’ की ‘ॲन’ हे तर देवनागरीत चुटकीसरशी कळतं. शब्द मराठी अक्षरांत लिहा. सुरुवात स्वरानं झाली तर ‘ॲन’: ॲन अवर, ॲन एक्सरे, ॲन एसएमएस, ॲन एमएलए. व्यंजनानं झाली तर ‘अ’: अ युनिट, अ युनिव्हर्सिटी, अ वन-डे मॅच. हा नियम मुळात उच्चाराचा आहे, इंग्रजी स्पेलिंगचा नाही, आणि आपली लिपी उच्चारावर चालते. फक्त ‘इयर’ला फसू नका. त्याचा उच्चार खरा ‘यिअर’, म्हणून ‘अ इयर’.

आता लिहिण्याबद्दल. क्लासवाले ‘इंग्रजीत विचार करा’ म्हणतात. ज्याला लिहायलाच अर्धा तास लागतो त्यानं इंग्रजीत विचार कसा करायचा, ते मात्र सांगत नाहीत. तुम्ही मराठीतच विचार करा, पण मराठी वाक्य आधी तोडा. आपल्या सरकारी पत्रांनी ‘असून’, ‘करून’, ‘सबब’ जोडत पानभर वाक्य लांबवायची सवय लावली आहे, आणि तुमच्या मेलमध्ये तेच झालंय. कुणी काय केलं, एवढंच एका वाक्यात. तो विचार संपला की पूर्णविराम. तुमचा मेल तोडून असा होतो: ‘थँक यू फॉर कॉलिंग अबाउट द बॅग्ज. वी चेक्ड विथ द ट्रान्सपोर्टर यस्टरडे. द ट्रक विल रीच वसमत ऑन थर्सडे. इफ इट डझ नॉट, प्लीज कॉल मी.’ यात आठवीच्या वरचं व्याकरण नाही. ‘डू द नीडफुल’ गेलं, कारण समोरच्यानं नेमकं काय करायचं ते आता लिहिलंय.

सरावाला महागडं काही लागत नाही. कीटकनाशकाच्या बाटलीसोबत घडी घातलेलं माहितीपत्रक येतं ना? नियमानं ते हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत छापावं लागतं. मराठी भाग असलेलं एखादं घ्या, इंग्रजी बाजू झाका, मराठीवरून इंग्रजी लिहा आणि मग उघडून ताडून बघा. मराठीत ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये’ असेल तर तुम्ही ‘शुड नॉट बी स्प्रेड’ लिहाल; छापील इंग्रजीत बहुधा ‘डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड’ असेल. लहान, थेट, आज्ञार्थी. काही पत्रकांची मराठी फारच लाकडी असते, ती सोडून द्या. पुढं बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकातला उतारा घ्या, पीडीएफ फुकट मिळते. आज मराठी करा, दोन-तीन दिवसांनी मूळ न बघता परत इंग्रजी करा. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉजर ॲस्कम लॅटिन शिकवायला हीच रीत वापरायचा, आणि राणी पहिली एलिझाबेथ त्याची शिष्या होती. जिथं तुमचं आणि मूळ वाक्य वेगळं पडेल तेवढंच वहीत उतरवा, शेजारी ते मराठी वाक्यही लिहा. व्याकरणाचं पुस्तक त्या वहीच्या मदतीला ठेवा. जी चूक तीनदा आली तेवढं प्रकरण उघडायचं.

मोबाइलवरचं चुका दाखवणारं साधन वापरायला हरकत नाही, मात्र आधी स्वतः लिहून झाल्यावर. ‘यू हॅड टोल्ड’ त्याच्या नजरेतून सुटू शकतं, कारण वाक्य म्हणून ते बरोबर आहे. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, हे त्याला कुठून कळणार?

‘आपल्या मराठवाड्याचं इंग्रजी कच्चंच’ असं शेवटी लिहिलंत, ते मला पटलं नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेऱ्या आणि शाळांचे वरचे वर्ग उर्दूत चालायचे. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आपल्या पणजोबांच्या पिढीनं घरात मराठी बोलत कागद उर्दूत केले, म्हणजे दुसऱ्या भाषेत लिहिणं आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलांच्या कानावर ते लहानपणापासून पडलंय. लिहून घेतलं गेलं ते प्रश्नोत्तरांपुरतं, तेही फळ्यावरून उतरवून.

क्लासचे पैसे वाचवा. बोलायची भीती घालवायची असेल तर पुढं कधीतरी लावा, पण ‘तीस दिवसांत फाडफाड’वाला नको. ‘रिस्पेक्टेड सर’बद्दल विचारलं होतंत: त्यात चूक नाही, विक्रेत्याला ‘डिअर मिस्टर’ लावून आडनाव लिहिलंत तरी पुरतं. पुढचा मेल लिहिलात की नावं-आकडे काढून इथं टाका, आणि प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली तुमच्या मनात आलेलं मराठी वाक्य जसंच्या तसं, बोलीतलं असलं तरी, लिहा.