आमच्याही लेकीला ‘उंदीर’ म्हणाले होते

११ वर्षांच्या मुलाला संधिवाताच्या नव्या औषधाच्या चाचणीत घालावं का, असं विचारलंय तुम्ही. आणि नातेवाईक म्हणतात, पोराचा उंदीर करताय. मेथोट्रेक्सेटने, म्हणजे संधिवाताच्या नेहमीच्या औषधाने, भागत असेल तर घाई नको, नसेल तर जरूर विचार करा. पण मी लिहायला बसले ती त्या उंदरामुळे.

आम्ही डिचोलीचे. लेक १२ वर्षांची असताना चवथीला फुगडी घालायला उठली आणि गुडघा धरून खालीच बसली. एका डॉक्टरांनी ‘वाढीचं दुखणं’ म्हणून आठ महिने घालवले. थोरल्या भावोजींनी कुठूनसं तेल आणलं. सकाळी तासभर पोरीचा पाय सरळ होत नसे आणि घरभर त्या तेलाचा वास! शेवटी निदान झालं मुंबईत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा; गोळीचा वार उजाडला की तिला नुसत्या आठवणीनेच मळमळायचं. वर्ष झालं तरी सूज उतरेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीचं विचारलं. भावोजी भर पंगतीत म्हणाले, "पोरीला उंदीर करायला निघालात?" हे गप्प. मीही गप्प, ते अजून सलतं.

बोलली ती लेक. सात वर्षांपुढच्या मुलांची स्वतःचीही संमती लागते, म्हणून डॉक्टर तिला वेगळं समजावत होते. तिने विचारलं, "खोटी, औषध नसलेली सुई मिळाली आणि गुडघा परत सुजला तर?" ते म्हणाले, आधी सगळ्यांनाच खरं औषध. ज्यांना गुण येतो त्यांचेच नंतर दोन गट, एकाला खरी सुई, दुसऱ्याला खोटी, आणि ज्याचा आजार उसळेल त्याला लगेच पुन्हा खरं औषध. एटानरसेप्ट नावाचं संधिवाताचं औषध मुलांवर असंच तपासलं होतं, २००० साली छापून आलं: ६९ मुलं, गुण आला ५१ जणांना. पुढे खोट्या सुईवाल्यांपैकी ८१ टक्क्यांचा आजार उसळला, औषधवाल्यांत २८ टक्क्यांचा. लेक तयार झाली, आणि तिच्या चाचणीत तिचाही उसळला. दुसऱ्याच आठवड्यात खरी सुई परत सुरू.

मुलांवर तपासलंच नाही, तर मोठ्यांचा डोस वजनावरून अंदाजाने देतात. तो प्रयोग नव्हे का, भावोजी?

एक मात्र आहे, गुण सगळ्यांनाच येत नाही. आधी क्षयाची तपासणी आणि राहिलेल्या लसी बघा. चाचणीची सरकारी नोंदणी झाली आहे का, इजा झाली तर भरपाई कोण देणार आणि चाचणी संपल्यावर औषध मिळणार का, हे लेखी घ्या. मुंबईच्या खेपांचा खर्चही विचारा. थिवीहून कोकणकन्येने आम्ही किती रात्री काढल्या, मोजल्या नाहीत. डोळेही तपासत राहा, ह्या आजारात ते न दुखता आतून सुजतात.

आणि भावोजी, वाचत असाल तर तेलाची बाटली माळ्यावर आहे. घेऊन जा.