चिआंग मायच्या स्वयंपाकवर्गात शाकाहारी व्यक्तीने काय पाहावे?

प्रश्न : येत्या डिसेंबरात आम्ही पतिपत्नी थायलंडला जात असून चिआंग मायमध्ये आमचा तीन दिवस मुक्काम आहे. तेथे पर्यटकांसाठी स्थानिक स्वयंपाकाचे वर्ग चालतात, असे कळले. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. यजमान मासे खातात. अशा वर्गाचा मला उपयोग होईल का, तो निवडताना काय पाहावे आणि शिकलेले पदार्थ घरी परतल्यावर करता येतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : उपयोग निश्चित होईल, मात्र करीचे वाटण प्रत्येकाला स्वतः कुटायला मिळेल, असाच वर्ग निवडावा. काही ठिकाणी वाटण आधीच तयार ठेवलेले असते आणि ते परतून त्यात नारळाचे दूध ओतणे एवढेच शिकणाऱ्याच्या वाट्याला येते. आपले त्यात दुहेरी नुकसान आहे, कारण मुख्य कौशल्य तर हुकतेच, शिवाय तयार वाटणात बहुधा ‘कपी’, म्हणजे जवळ्याची खारवून आंबवलेली पेस्ट, मिसळलेली असते आणि ती नंतर वेगळी काढता येत नाही.

नोंदणी करताना नुसते ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नये. मांस वगळले तरी ‘नाम प्ला’ हे माशांपासून केलेले खारे पाणी आणि कालवांचा सॉस पदार्थात राहू शकतात. म्हणून या दोन्ही वस्तू, कपी, सुकी कोळंबी आणि अंडे यांची नावे घेऊन लेखी विचारावे आणि त्यांच्याऐवजी सोया सॉस व मीठ वापरणार का, याचे उत्तर मिळवावे. थायलंडमध्ये ‘जे’ नावाचा कडक शाकाहार प्रचलित आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेली त्याची खूण बाजारातही दिसते. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असते, पण तेथे आपल्याला सहसा निर्धास्तपणे जेवता येते. यजमानांचा पदार्थ वेगळ्या कढईत व्हावा आणि आपला खल आधी धुतलेला असावा, हेही संकोच न करता सांगावे.

बाजारफेरीसह सकाळचा अर्ध्या दिवसाचा वर्ग मला अधिक पसंत आहे. दिवसभरात सहा-सात पदार्थ उरकण्यापेक्षा तीन-चार पदार्थ नीट हाताखालून जाणे चांगले. केलेले सर्व तेथेच खायचे असल्यामुळे न्याहारी हलकी ठेवावी. चिआंग मायची ओळख असलेली ‘खाव सोय’ ही नूडल्सची करी शिकायची असेल, तर तिच्या नेहमीच्या नूडल्समध्ये अंडे असते हे ध्यानात ठेवून तांदळाच्या नूडल्स मागून घ्याव्यात.

खरे शिक्षण दगडी खलापाशी होते. कडक आणि धागेदार जिन्नस आधी, रसदार नंतर, असा क्रम सांभाळला तरच वाटण एकजीव होते. गवती चहाची आपण पाती चहात टाकतो. तेथे मुळाजवळचा पांढरट, कोवळा दांडा बारीक चिरून कुटतात. कोथिंबिरीची जी मुळे आपण जुडी निवडताना फेकून देतो, ती तेथे मुद्दाम राखून वाटणात घालतात, आणि त्यांचा गंध पानांपेक्षा कितीतरी खोल असतो. पुढची पायरी आपल्याकडच्या सवयीच्या उलट आहे. सोलकढी गरम करताना किंवा एखाद्या रश्शात नारळाचे दूध घालताना ते फुटू नये म्हणून आपण जपतो, तर तेथे दाट दूध कढईत मुद्दाम आटवून त्याला तेल सुटू देतात आणि त्याच तेलात वाटण परततात. तेल नेमके केव्हा सुटले हे लिखित कृतीवरून कळणे कठीण आहे. शिक्षिकेशेजारी उभे राहून तो वास आणि कढईच्या कडेला जमणारे हिरवट तेल पाहूनच ते कळते. प्रत्येक पदार्थ उतरवण्यापूर्वी खारट, आंबट, गोड आणि तिखट यांचा मेळ स्वतः चाखून साधू द्यावा, असा आग्रहही धरावा.

परतताना ताजी पाने, कंद किंवा रोपे सामानात आणू नयेत. भारताच्या वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ नुसार अशा मालासाठी आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यांची गरजही फारशी पडणार नाही. गवती चहा कुंडीत वाढतो. गलंगल या आल्यासारख्या कंदासाठी काष्ठौषधींच्या दुकानातले सुके कुलिंजन भिजवून वापरता येईल, मात्र ते अतिशय चिवट असल्यामुळे थोडेच घ्यावे. थाई गोड तुळस ही सब्जाच्याच जातीची असल्याने सब्जाची कोवळी पाने बऱ्यापैकी जवळची चव देतात. थाई करीला लिंबाचा सुवास देणाऱ्या मकरूट जातीच्या लिंबाच्या पानांना मात्र तोडीस तोड पर्याय नाही; रोपवाटिकेत त्याचे कलम मिळाल्यास अवश्य लावावे. खल नसेल तर पाटा-वरवंटा उत्तम चालतो. नारळाचे दूध घरीच काढावे, कारण पाकिटातल्या दुधात ते एकजीव राहावे म्हणून स्थिरक पदार्थ घातलेले असल्यास तेल लवकर सुटत नाही, आणि अशा वेळी चमचाभर तेल वेगळे घालूनच वाटण परतावे लागते.