स्पेनमधील इंग्रजी संभाषण शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाण्याविषयी

लातूरहून मे महिन्यात स्पेनला निघालेल्या ताईंनी विचारले आहे की, आठवडाभर इंग्रजीत बोलण्याच्या बदल्यात राहण्याजेवण्याची सोय करणाऱ्या तेथील निवासी शिबिरात जावे का, मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाचे इंग्रजी तेथे चालेल का आणि शाकाहारी जेवणाचे काय. मी अशा शिबिरांत स्वयंसेवक म्हणून राहिलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अवश्य जावे, मात्र फुकटची सहल समजून जाऊ नये. पुएब्लो इंग्लेस हा यातला जुना उपक्रम २००१ साली सोरिया प्रांतातील वाल्देलाविया या ओस पडलेल्या आणि पुढे डागडुजी करून पाहुण्यांसाठी सज्ज केलेल्या खेड्यात सुरू झाला. शिकायला येणारे स्पॅनिश लोक बहुधा नोकरदार असतात आणि त्यांचे शुल्क ते स्वतः किंवा त्यांची कंपनी भरते; स्वयंसेवकाला शुल्क नसते, पण विमानाचे भाडे आणि माद्रिदमधला मुक्काम यांचा खर्च त्याने स्वतः करायचा असतो. शिबिरात स्पॅनिश बोलायचे नाही, हा नियम कसोशीने पाळला जातो. न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत दर तासाला नवा जोडीदार, त्याच्याशी समोरासमोर बोलणे, मधूनच एखादी नाटुकली किंवा गटचर्चा, आणि जेवणाच्या टेबलावरही दोन्हीकडची माणसे मुद्दाम मिसळून बसवलेली, असा दिवस असतो. दुपारचे जेवण दोनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊला, त्यामुळे दिवस लांबतो आणि दोन-तीन दिवसांत डोके अक्षरशः शिणते.

खरे काम बोलण्याचे नसून समोरच्याला बोलते करण्याचे आहे. दूरध्वनीवरचा तास घ्या. आपण आपल्या खोलीत, शिकणारा त्याच्या खोलीत, आणि हाती दिलेला एखादा प्रसंग, म्हणजे मालाची तक्रार किंवा बैठकीची वेळ बदलणे, फोनवर पार पाडायचा. समोर चेहरा नाही, ओठ दिसत नाहीत, त्यामुळे एरवी छान बोलणारा माणूसही अडखळतो आणि गप्प होतो. अशा वेळी त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. चार-पाच सेकंद थांबावे, मग तोच प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारावा. बहुतेकदा तो स्वतःच वाट काढतो, आणि पुढच्या फोनला त्याचा आवाज मोकळा झालेला असतो.

म्हणूनच मराठी माध्यमाची धास्ती बाळगू नये. महाराष्ट्रात २००० साली इंग्रजी पहिलीपासून आले. त्याआधीच्या आमच्या पिढ्या पाचवीत एबीसीडी गिरवत होत्या. परकी भाषा तोंडात बसताना माणूस नेमका कुठे अडतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. शिवाय मराठवाड्याच्या कानाला अनेक भाषांची सवय आहे: उदगीरला कानडी, धर्माबादला तेलुगू, संभाजीनगरच्या बाजारात दखनी. समोरच्याची मोडकीतोडकी भाषा समजून घेणे आपल्याला जड जात नाही. अडचण आहे ती निवडीची. काही आयोजकांना मातृभाषा इंग्रजी असलेलेच स्वयंसेवक हवे असतात, तर काही जण तितकेच अस्खलित बोलणाऱ्यालाही घेतात. तेव्हा अर्जात आपली खरी पार्श्वभूमी लिहावी आणि होकार लेखी घ्यावा.

व्हिसाच्या बाबतीत कोणाच्याही ऐकीव सल्ल्यावर विसंबू नये. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. प्रौढांसाठी जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. शिबिराचे पत्र अर्जाला जोडावे आणि राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात स्वयंसेवा करणे पर्यटक व्हिसावर चालते का, हे वकिलातीलाच लेखी विचारावे, कारण प्रत्येक देशाचा नियम निराळा असतो. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते.

जेवणाचे अर्जातच स्पष्ट लिहावे. ‘मांस चालत नाही’ एवढे सांगून भागत नाही. सॅलडमध्ये ट्यूना मासा असू शकतो, मसूर किंवा हरभऱ्याच्या रश्श्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि बटाट्याच्या तोर्तियात (जाडसर ऑम्लेटमध्ये) अंडे असतेच. मासा, अंडे, मांसाचा रस्सा यांतले काय चालते आणि काय नाही, ते एकेक नाव घेऊन कळवावे. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी न्यावी. खव्याचे पेढे मात्र नेऊ नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आत नेता येत नाहीत. भेट म्हणून संभाजीनगरच्या हिमरूचा लहानसा तुकडा उत्तम. सूत आणि रेशीम एकत्र विणलेले ते कापड हातात देऊन बोलायला लागले की एक तास सहज निघतो.

शिबिर संपते त्याच संध्याकाळचे परतीचे विमान घेऊ नये. ही खेडी माद्रिदपासून दूर असतात, बसला उशीर होऊ शकतो, म्हणून एक रात्र माद्रिदमध्ये धरूनच तिकीट काढावे.