वाचकांचे प्रश्न : पिल्लू स्वतःचीच शी खाते

प्रश्न : आमच्याकडे तीन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू आहे. त्याचे नाव खंड्या. आम्ही पती-पत्नी नोकरीला जात असल्यामुळे सकाळी ९ ते दुपारी २ पर्यंत ते गच्चीवर बांधलेले असते. गेल्या तीन आठवड्यांपासून ते स्वतःची शी खाऊ लागले आहे आणि आम्ही दिसलो की अधिकच घाईने खाते. रागावून पाहिले, शीवर नाक घासून पाहिले, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून शीवर चटणीही टाकून पाहिली. खाण्यात दोन वेळा दूध-भाकरी असते. सासूबाई त्याच्यासाठी मुद्दाम म्हशीचे दूध घेतात. घरात पाच वर्षांची मुलगी आहे आणि खंड्या तिचे तोंड चाटतो, याची अधिक काळजी वाटते. काय करावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : सर्वप्रथम चटणी टाकणे बंद करावे. आपल्या कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाची चटणी, आणि कांदा व लसूण या दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे ज्या खोडीवर आपण हा उपाय केलात, तिच्याहून उपायच अधिक धोक्याचा आहे.

ही खोड आपल्याला किळसवाणी वाटली तरी कुत्र्याच्या दृष्टीने ती विकृती नव्हे. पिल्ले पहिले काही आठवडे स्वतःहून शी करू शकत नाहीत. आई त्यांना चाटून शी करवते आणि ती खाऊन जागा स्वच्छ ठेवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे १६ टक्के कुत्री वारंवार विष्ठा खाताना आढळली, आणि ती बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतली, ताजी विष्ठाच खात होती. ही सवय सोडवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांचा गुण त्याच पाहणीत ० ते २ टक्क्यांच्या पुढे गेला नाही, म्हणून त्यांवर पैसे घालवू नयेत.

आपल्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य म्हणजे ‘आम्ही दिसलो की अधिकच घाईने खाते’. नाक घासल्यामुळे खंड्या एवढेच शिकला आहे की माणूस आणि शी एकाच ठिकाणी असली की मार बसतो. तेव्हा माणूस येण्यापूर्वी शी नाहीशी केलेली बरी, असे त्याला वाटते. त्यातच त्याला पाच तास एका जागी बांधलेले असते. या वयाच्या पिल्लाला फार तर तीन-चार तास कळ काढता येते, म्हणजे त्याला बसल्या जागीच शी करावी लागते, आणि पुढे काही उद्योग नसलेल्या पिल्लासमोर ती तशीच पडून राहते. सासूबाई दिवसा घरी असतील तर पिल्लू खालीच ठेवावे. नसतील तर मधल्या वेळेत कोणीतरी येऊन त्याला फिरवून, खायला घालून जाईल अशी व्यवस्था करावी.

खरे शिक्षण शी झाल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात होते. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यानंतर ५ ते ३० मिनिटांत पिल्लाला आखूड दोरीने ठरलेल्या जागी न्यावे आणि मुकाट्याने उभे राहावे. शी चालू असताना त्याच्याशी बोलू नये. मागचे पाय सरळ झाले की लगेच हसऱ्या आवाजात ‘खंड्या, ये’ म्हणावे, उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा नाकासमोर धरून त्याला दोन-तीन पावले बाजूला आणावे आणि तिथे तो तुकडा द्यावा. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी शी उचलावी. दोरी हिसकू नये. दररोज न चुकता हे केले की हळूहळू पिल्लू शी झाल्यावर मागे वळून हुंगण्याऐवजी आपल्या हाताकडे पाहू लागते. तोपर्यंत त्याला शीपाशी एकटे सोडू नये, कारण दहा वेळा वाचवून अकराव्या वेळी खाऊ दिली की सवय पुन्हा घट्ट होते. ‘सोड’ हा शब्द वेगळ्या वेळी, मुठीत भाकरीचा तुकडा धरून शिकवावा : पिल्लू मूठ चाटणे थांबवून मागे सरले की दुसऱ्या हातातून त्याहून चांगला खाऊ द्यावा. तोंडात शी सापडलीच तर मागे धावू नये, त्याचा ते खेळ करते. खाऊ दाखवून अदलाबदल करावी.

या आठवड्यातच ताज्या शीचा नमुना स्वच्छ डबीतून पशुवैद्यांकडे न्यावा. जंत असतील तर औषध मिळेल. नसले तरी सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला जंताचे औषध द्यावेच लागते. पिल्लू भरपूर खाऊनही वाळत असेल आणि शी फिकट, तेलकट, ढीगभर होत असेल तर स्वादुपिंडाची तपासणी करावी लागते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या आजाराचा विषाणू विष्ठेतूनच पसरतो, त्यामुळे लसीकरण पूर्ण होईपर्यंत रंकाळ्यावर फिरायला नेऊन इतर कुत्र्यांची विष्ठा हुंगू देऊ नये. मुलीबाबत घाबरू नये, पण तपासणी होईपर्यंत तोंड चाटू देऊ नये आणि तिचे हात जेवणाआधी साबणाने धुवावेत. गोल जंतांची अंडी बाधक होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. रोजची शी रोज उचलली तर तो धोका पुष्कळ घटतो.

राहिले दूध. गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाने तालमीतला पैलवान तयार होत असेल, पण पिल्लाला दूध पचवणे जड जाते. शी पातळ होते, तिला न पचलेल्या स्निग्ध दुधाचा वास येतो आणि पिल्लाला ती अन्नच वाटते. दिवसातून तीन-चार वेळा पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. घरचे द्यायचे असल्यास उकडलेली अंडी किंवा बिनमसाल्याची कोंबडी भातात कालवून द्यावी, मात्र त्याचे रोजचे प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. रस्सा आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. सासूबाईंची समजूत घालणे हेच यातले सर्वांत अवघड काम ठरेल, असा माझा अंदाज आहे. त्यांना अगदीच राहवत नसेल तर चमचाभर ताजे, बिनमिठाचे दही भातावर घालण्यास हरकत नाही.