जुनी पिकअप, नवे पार्ट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न जुन्या पिकअपचेच आहेत आणि सगळ्यांना बाहेरून आजोबांची गाडी, आतून मात्र आजची गाडी पाहिजे. जमतं की, फक्त कशाला आधी हात लावायचा ते चुकलं की पैसे पाण्यात.

प्रश्न: आजोबांची १९५१ ची शेवरोले पिकअप निफाडला वाड्यात कित्येक वर्षं उभी आहे. इंजिन फिरतं. गॅरेजवाला म्हणतो बोलेरोचं डिझेल इंजिन टाकून देतो आणि वर व्हिंटेजचा व्हीए नंबरही घेऊन देतो. करू का? (गंगापूर रोड)

दोन्ही एकाच गाडीला मिळणार नाही. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, त्यात गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि खाजगी वापराची पाहिजे, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको असं सरळ लिहिलंय. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आणि एवढं करून नंबर मिळाला तरी ती गाडी रोज काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना रस्त्यावर आणायची.

जुन्याच नंबरवर वापरायची म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेला आणि आरसीवर असलेला तपशील बदलेल असं काही करायचं नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. पेट्रोलचं डिझेल केलं म्हणजे इंजिन नंबरही बदलला आणि इंधनही, आणि विनापरवानगी केलं तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गॅरेजवाला त्या दिवशी तुमच्याबरोबर उभा नसणार. म्हणून आधी आरसी घेऊन नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत जा, काय चालेल ते लेखी घ्या, मग इंजिन उचलायला साखळी लावा.

आता कागद बाजूला ठेवून बोलू. या शेवरोलेत प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा, उघडा नसतो, तो एका जाड नळीत बंद असतो आणि ती नळी थेट गिअरबॉक्सच्या मागे बसते. चाकांचा रेटा गाडीपर्यंत पोचवायचं कामही तीच नळी करते. इंजिनाबरोबर बोलेरोचा गिअरबॉक्स टाकला की नळी गेली, नळी गेली की मागचा अ‍ॅक्सल बदला, अ‍ॅक्सल बदलला की स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक नव्याने करा, मग रेडिएटर, मग इंजिनाचे माउंटिंग, मग चेसिसवर वेल्डिंग. इंजिनाच्या खर्चाचा आकडा सांगून सुरू झालेलं काम कुठे थांबेल ते गॅरेजवाल्याला पण माहीत नसतं.

माझं मत विचाराल तर तुमचं मूळ सहा सिलेंडरचं २१६ घनइंचाचं इंजिनच ठेवा. कनेक्टिंग रॉडला बेअरिंग म्हणून व्हाइट मेटल, म्हणजे मऊ धातू, ओतलेलं असतं आणि त्यांना ऑईल मुख्यतः उडवूनच मिळतं, त्यामुळे ताशी ६५-७० किलोमीटरच्या वर तासन्‌तास दामटायची नाही. व्हाइट मेटल ओतून नीट बोअर करणारा जुना कारागीर शोधा, सातपूर-अंबडला लेथवाल्यांकडे चौकशी केली तर कोणी ना कोणी पत्ता सांगतोच.

प्रश्न: माझ्या विलीज पिकअपला मित्राच्या ओळखीने दमदार इंजिन बसवलं, पण ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. पुढे डिस्क लावू का? (ओझर)

इंजिन आधी आणि ब्रेक नंतर, हे नेहमीचंच झालंय. डिस्क लावा, पण ओढण्याचं कारण आधी शोधा, नाहीतर डिस्क लावूनही ओढेल. गाडी डावीकडे जाते म्हणजे बहुतेक वेळा उजवं चाक कमी पकडतंय. उजवा ड्रम उघडा, लायनरवर ग्रीस किंवा ब्रेक ऑईल आलंय का, व्हील सिलेंडर जाम आहे का, रबरी पाइप आतून फुगलाय का बघा. हा पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून बंद असतो, भल्याभल्या फिटरना चकवतो.

त्यानंतरचं पहिलं काम मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा सिलेंडर. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली आणि कसारा घाटात खाली उतरताना हे झालं तर काय ते मी लिहीत नाही. दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर लावा, पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ठेवलेत तर मागचा जोर कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह पाहिजे, नाहीतर मोकळ्या हौद्याने पावसात मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी फिरेल.

अजून एक, मास्टर सिलेंडर पायाखाली फ्लोअरच्या खालीच ठेवणार असाल तर तो कॅलिपरपेक्षा (डिस्कला धरणारा भाग) खाली बसतो, ऑईल मागे उतरतं आणि पहिला पेडल पोकळ जातो. डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह, लावला की हे थांबतं. ड्रमला तोच १० चा लागतो. दोन्हींची अदलाबदल केली तर डिस्क घासत राहतील आणि तापतील. इंजिनाच्या व्हॅक्युमवर पेडल हलका करणारा बूस्टर लावताना इंजिन डिझेल आहे का ते सांगा, कारण डिझेलच्या मॅनिफोल्डला पुरेसा व्हॅक्युम नसतो, वेगळा पंप लागतो.

प्रश्न: ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्ट करायची आहे, एसी पण लावायचा आहे. फक्त बॅटरी बदलली तर? (पंचवटी)

बल्ब उडतील, कॉइल जळेल आणि काटे वेडे होतील. बॅटरी, बल्ब, कॉइल बदला, डायनामो काढून अल्टरनेटर लावा, मीटरच्या काट्यांना व्होल्टेज रिड्युसर द्या. स्टार्टर ६ चाच ठेवून लोक चालवतात, फिरतो पण भन्नाट, पण फ्लायव्हीलच्या दात्यांवर मार बसतो, तेव्हा रिवाइंड करून घ्या. जुनी वायर जाड असते म्हणून करंटला पुरते, पण तिच्यावरचं कापडी कव्हर कुजलेलं असतं आणि आग तिथूनच लागते, सगळी वायरिंग नवी, फ्यूज बॉक्ससकट. फोर्ड असेल तर १९५५ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, उलटं जोडलंत तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

एसीला ८०-१०० अँपिअरचा अल्टरनेटर धरा. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यामुळे इंजिन आधीच तापत असेल तर एसीचा विचार सोडा, आधी रेडिएटरचं काम.

प्रश्न: उन्हाळ्यात मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी बंद पडते, अर्धा तास थांबलं की चालू होते. आणि ई-२० पेट्रोल चालेल का? (इंदिरानगर)

बंद पडणं म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ. चढणीला इंजिन तापतं, पंप इंजिनालाच चिकटलेला आणि पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून गेलेला असतो. पाइप लांबून न्या, मध्ये पत्रा लावा आणि टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवा, ३-४ पीएसआयचा. नव्या इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप लावू नका, कार्बोरेटरची सुई तो दाब धरत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनावर. ऑईल प्रेशरवर बंद होणारा स्विच पण लावा, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चालेल, पण जुना रबर त्याला टिकत नाही. पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉलला चालणारे टाका. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी एकतर पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं भोक) किंचित मोठा करावा लागतो, प्लग पांढरे दिसले तर समजा मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी. आणि २००० पासून शिसं असलेलं पेट्रोल देशात मिळत नाही, आणि शिसं व्हॉल्व्हच्या सीट झिजू देत नसे, म्हणून हेडकाम काढलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या.

प्रश्न: हौद्याला सागवान की प्लाय? (सिन्नर)

सागवान. फळ्यांमध्ये फट ठेवा, खालूनही तेल द्या, लोक वरूनच पॉलिश मारतात आणि लाकूड खालून कुजतं. फाळक्याची बिजागरं पण तेव्हाच बघा.

प्रश्न: ६.००-१६ चे टायर गावात स्वस्तात मिळतायत, घेऊ का? (दिंडोरी)

दिंडोरीत स्वस्तात म्हणजे बहुतेक ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे, साइज तीच असते. त्यावर उभ्या तीन पट्ट्या असतात, ते वावरासाठी, हायवेच्या वेगासाठी नाहीत आणि ओल्या डांबरावर धरत नाहीत. जीपचे म्हणून मिळतात तेच घ्या, ट्यूब नवी टाका. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी कोरी दिसली तरी परत द्या.